मुखपट्टी : कापड आणि माप

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि भोजन यांच्या मध्ये आमचे भाषण ठेवण्यात आले आहे. या जागी उभ्या राहणाऱ्या वक्त्याने फार वेळ घेऊ नये, असा आपल्या संस्थेचा जुना आणि शहाणपणाचा संकेत आहे, व तो पाळण्याचा आम्ही यथाशक्ति प्रयत्न करू. तथापि विषय असा आहे, की तो शिंपी ज्ञातीपुढे मांडावयाचा तर थोडे खोलात शिरल्यावाचून गत्यंतर नाही. विषय मुखपट्टीचा आहे. आज घरोघर जिला ‘मास्क’ म्हणतात तिचा. हा शब्द उच्चारताच करोनाची साथ आठवते आणि पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. त्या साथीविषयी आम्ही बोलणार नाही. रोजच्या हवेतील धूर व धूळ यांपासून मुखपट्टीने रक्षण होते काय, होत असल्यास कोणत्या मुखपट्टीने आणि ती कशी बांधल्याने, एवढाच आमचा प्रश्न आहे. प्रश्न वैद्यांचा आहे हे खरे. परंतु त्याची निम्मी उकल कापडात आहे आणि निम्मी मापात, आणि या दोन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाताखालून गेलेल्या आहेत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा लग्नसराईचे कपडे दुकानांत टांगलेले राहिले, शाळांच्या गणवेशांचे काम गेले, आणि आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांनी घरच्या मशीनवर मुखपट्ट्या शिवून दिवस काढले. सुईदोऱ्याने त्या वेळी केवळ आपलेच नव्हे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही काम केले, याचा आम्हांस अभिमान आहे. पुढे २०२२ च्या गुढीपाडव्याला आपल्या राज्यात मुखपट्टीची सक्ती उठली. पण शिवण्याची सवय आणि शिल्लक माल दोन्ही राहिली. आज रस्तोरस्ती दोरीवर लटकलेल्या कापडी पट्ट्या ‘धुळीचा मास्क’, ‘प्रदूषणाचा मास्क’ अशा नावाने विकल्या जातात, व घेणारा त्या विश्वासाने घेतो. त्या विश्वासास ती वस्तू पात्र आहे काय, हे तपासणे शिवणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तोंडावर वस्त्र बांधण्याची कारणे दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट दिशेची आहेत. एक, आपल्या मुखातून जे बाहेर पडते त्यापासून दुसऱ्याचे रक्षण करणे. स्थानकवासी जैन साधू मुखवस्त्रिका बांधतात ती सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. स्वतःच्या आरोग्यासाठी नव्हे. १८९७ साली ब्रेस्लाऊ येथील शल्यचिकित्सक मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीचे विरळ कापड बांधण्यास आरंभ केला, तोही रोग्याच्या जखमेत आपल्या तोंडातील तुषार जाऊ नयेत म्हणून. बोलताना, खोकताना उडणारे हे तुषार पुष्कळसे मोठे असतात व जवळ धरलेल्या कापडात अडकतात. यासाठी साधे सुती कापडही बरेच काम देते, आणि साथीच्या दिवसांत आपण शिवलेल्या पट्ट्यांचे मोल मुख्यतः येथे होते.

दुसरे कारण म्हणजे बाहेरच्या हवेतील घातक द्रव्यापासून स्वतःचा बचाव. तेही फार जुने आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे, की शेंदरासारखे तांबडे रंगद्रव्य कुटणारे कामगार त्याची विषारी धूळ नाकात जाऊ नये म्हणून जनावरांच्या मूत्राशयाची सैल कातडी तोंडावर चढवीत. अशा कातड्यातून श्वास कसा घेत असतील, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. असो. या दुसऱ्या कामात आपल्या आत काय जाते हा प्रश्न असतो, आणि जे जाते ते तुषारांपेक्षा कितीतरी बारीक असते. एका कामास चाललेले वस्त्र दुसऱ्या कामास चालेलच असे नाही. लोकांची सगळी गल्लत येथे झालेली आहे.

आता ते बारीक म्हणजे किती बारीक? माणसाचा केस साधारणतः ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हवेतील ज्या कणांना शास्त्रज्ञ ‘पीएम २.५’ म्हणतात ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहूनही लहान, म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक. मोटारींचा धूर, कोळसा, लाकूड व कचरा यांचा जाळ, वीटभट्ट्या, कारखान्यांची धुराडी यांतून ते निघतात. डोळ्यांना चुरचुरणारी रस्त्याची धूळ पुष्कळशी याहून मोठी असते. ती नाकात, घशात अडकते व शिंकेने, खाकरण्याने बाहेर पडते. बारीक कण मात्र फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत उतरतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म ते रक्तातही शिरतात. म्हणून धुरकट हवेने केवळ दमा वाढतो असे नाही, हृदयविकार व पक्षाघात यांचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या हवेच्या प्रदूषणास कर्करोगकारक म्हणून निःसंदिग्धपणे नोंदले आहे.

आपल्या देशाने २००९ साली ठरविलेले मान असे, की या बारीक कणांचे वर्षाचे सरासरी प्रमाण दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तेच मान ५ वर आणून ठेवले. म्हणजे आपल्या सरकारी मानात बसणारी हवाही निर्दोष समजण्याचे कारण नाही. आणि पुण्यामुंबईची हवा हिवाळ्यात त्या मानातही पुष्कळदा बसत नाही. थंडीत रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवाही थंड व जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचे जणू झाकण बसते. मग खालचा धूर वर जाऊ शकत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रहदारीच्या रस्त्याने फिरायला जाणारी आपली वडीलधारी मंडळी प्रकृतीसाठी जातात आणि दिवसातील सर्वांत दाट हवा घेऊन परत येतात. त्यांनी ऊन वर आल्यावर, आणि रस्ता सोडून टेकडीकडे वा बागेकडे जावे, हे मुखपट्टीपेक्षाही सोपे आणि बिनखर्चाचे आहे.

कापडाकडे वळू. मांजरपाट घ्या, पॉपलीन घ्या, की मलमलीचे दोन पदर घ्या. उभ्याआडव्या धाग्यांच्या विणीत मोकळी जागा राहणारच. ती राहते म्हणून तर सुती कपडा अंगाला गार लागतो. काठमांडूच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या कापडी मुखपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली घालून केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांत त्या पट्ट्यांतील छिद्रे ८० ते ५०० मायक्रॉन रुंदीची आढळली. अडीच मायक्रॉनचा कण आणि ८० मायक्रॉनचे छिद्र! वेशीच्या दरवाज्यातून मुंगी जावी तसा तो कण त्यातून जाणार. त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली ती आपल्या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक असलेली: कापड धुतले, वाळवले, ताणले, की वीण सैल होते. चार धुण्यांनंतर त्या पट्ट्यांची गाळण्याची शक्ती सुमारे २० टक्क्यांनी उतरली होती. कापड काहीच अडवीत नाही असे आम्ही म्हणत नाही. जाड धूळ अडते, उन्हाचा चटका कमी होतो, समोरच्या मालमोटारीने उडविलेली खडी तोंडात जात नाही. दुचाकीवरून जाणाऱ्या पुण्यातील मुली डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणी गुंडाळतात, त्या ओढणीचा गुण एवढाच. धुरापासून रक्षण म्हणून तिच्याकडे पाहणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागविणे होय, आणि ताकही येथे पातळच आहे.

मग चांगली मुखपट्टी कशी अडवते? तिची छिद्रे कणांहून लहान असतात, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. तसे असते तर तिच्यातून श्वासच घेता आला नसता. ‘एन-९५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुखपट्टीचा गाभा विणलेला नसतोच. वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे अत्यंत बारीक तंतू हवेच्या झोताने एकमेकांवर आडवेतिडवे उडवून तो थर बनवितात, आणि मग त्या तंतूंना कायमचा विद्युद्भार देतात. कोरड्या केसांवर घासलेली फणी जशी कागदाचे कपटे उचलते, तसे हे तंतू जवळून जाणारे कण ओढून धरतात. हा भार देण्याची रीत अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठातील पीटर त्साय यांनी १९९० नंतरच्या वर्षांत सिद्ध केली. ‘९५’ हा आकडा अमेरिकेच्या १९९५ च्या नियमांतील आहे: पकडण्यास सर्वांत अवघड असे, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण शंभरातील किमान ९५ अडले पाहिजेत. युरोपात याच तोडीच्या पट्टीस ‘एफएफपी २’ म्हणतात, आणि आपल्याकडील मानक ‘आयएस ९४७३’ तीच नावे वापरते. खरेदी करताना या मानकाचा क्रमांक व भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी. नुसते ‘एन-९५’ छापायला कोणासही फारसे कष्ट पडत नाहीत.

येथे गृहिणींना एक विनंती. ही पट्टी धुऊ नये. आपल्या घरात मळलेली वस्तू न धुता ठेवणे पाप वाटते, हे आम्ही जाणतो; पण साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिटने तंतूंवरील विद्युद्भार नाहीसा होतो आणि दिसायला स्वच्छ, परंतु गुणाला साधी अशी चिंधी हाती राहते. वापरून झाल्यावर ती मोकळ्या हवेत, कागदाच्या पाकिटात वाळू द्यावी. दोनतीन पट्ट्या आलटून पालटून वापराव्यात. पट्टी मळकट दिसू लागली, श्वास जड येऊ लागला, किंवा बंद सैल झाले, की टाकून द्यावी.

आता मापाकडे येतो, आणि आमच्या मते खरे मर्म येथे आहे. या घडीव मुखपट्टीचा जन्म शिवणकामाच्या शेजारी झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांस माहीत असेल. अमेरिकेत सारा लिटल टर्नबुल नावाच्या रचनाकार बाई होत्या. ‘थ्री एम’ या कंपनीने न विणता बनविलेल्या कापडाचे काय काय करता येईल हे त्यांस विचारले असता, १९५८ च्या सुमारास त्यांनी त्या कापडाला साच्यात घालून स्त्रियांच्या अंतर्वस्त्राच्या वाट्या घडविण्याची कल्पना पुढे मांडली. त्याच वेळी घरच्या आजारी माणसांसाठी त्यांच्या रुग्णालयात खेपा चालू होत्या, आणि डॉक्टरांना चपट्या, गाठी मारायच्या मुखपट्ट्यांशी झगडताना त्या पाहत होत्या. ती वाटी तोंडावर का बसू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. १९६१ साली तसली मुखपट्टी बाजारात आली, आणि तिचीच पुढची वाढ १९७० नंतरची ‘एन-९५’ होय. कटोरी चोळी बेतणाऱ्या आपल्या भगिनींना यातील मर्म सांगावयास नको. सपाट कापड वाटोळ्या अंगावर नुसते ताणले, की कोठे तरी चुणी पडते व कोठे तरी फट राहते. त्यासाठीच कटोरी कापतात, टक्स घालतात. चेहरा हेही तसलेच अवघड अंग आहे: मध्ये नाकाचा उंचवटा, दोन्ही बाजूंस गालांचा उतार, खाली हनुवटी. त्यावर चौकोनी पट्टी कानांना अडकवून दिली, तर हवा कापडातून कशास जाईल? हवेला सोपी वाट लागते. ती नाकाच्या दोन्ही अंगांनी आणि गालांवरून आत शिरते.

याचा हिशोब मांडून पाहू. समजा, पट्टीचे कापड शंभरात ९५ कण अडविते, पण आत येणाऱ्या हवेचे ३० भाग फटीतून येतात. तर ते ३० भाग जसेच्या तसे आत आले. उरलेल्या ७० भागांतील वीसावा हिस्सा, म्हणजे साडेतीन, कापडातून आले. एकूण साडेतेहतीस. उलट कापड शंभरात ८०च अडविणारे असून कोठेही फट नसेल, तर आत येणार वीस. म्हणजे भारी कापडाच्या सैल पट्टीपेक्षा मध्यम कापडाची घट्ट बसलेली पट्टी बरी ठरते. हा केवळ कागदी हिशोब नव्हे. बीजिंगच्या नागरिकांना विकल्या जाणाऱ्या नऊ प्रकारच्या मुखपट्ट्या एडिंबरोच्या संशोधकांनी तपासल्या व २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाळण्याचे कापड पुष्कळांचे चांगले निघाले. पण माणसांच्या तोंडावर चढवून पाहिले तेव्हा स्वस्थ बसलेल्या माणसाच्या बाबतीतही कोणत्या पट्टीतून सरासरी शंभरात ३ कण आत गेले, तर कोणत्या पट्टीतून तब्बल ६८. कापडावर विसंबणाऱ्यांनी हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत.

पट्टी बसली की नाही, हे पाहण्यास यंत्र लागत नाही. ती चढवून नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून घडवावी. एका हाताच्या चिमटीने दाबली तर मध्ये कोन राहतो. मग दोन्ही तळहात पट्टीवर ठेवून जोराने श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा गालांवर झुळूक लागली, चष्म्यावर वाफ धरली, तर फट आहे. श्वास आत घेताना पट्टी किंचित आत ओढली गेली, तर ती बसली. कानात अडकवायच्या बंदांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन बंद नेहमीच अधिक घट्ट बसतात. दाढी असेल तेथे कोणतीही पट्टी नीट बसत नाही. हल्ली आपल्या तरुणांत दाढीची हौस वाढली आहे, त्यांस हे कटू वाटेल, पण केसांच्या झुडपातून हवेला शंभर वाटा सापडतात. लहान मुलांच्या बाबतीत तर प्रौढांची पट्टी देऊन ‘काहीतरी आहे ना’ असे समाधान मानू नये. मुलाच्या चेहऱ्यावर ती चहूबाजूंनी उघडीच राहते. मुलाला धुराच्या वेळी व धुराच्या रस्त्यावरून न नेणे, हाच त्याचा खरा बचाव.

इतका खटाटोप करून लाभ होतो काय, असे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बीजिंगमधील ९८ हृदयरोग्यांना शहरातील ठरलेल्या रस्त्याने दोन तास चालावयास लावले. एकदा चांगली मुखपट्टी लावून व एकदा तिच्याशिवाय. मुखपट्टी लावलेल्या दिवशी त्यांना त्रास कमी जाणवला, रक्तदाब थोडा खाली राहिला, आणि हृदयाच्या आलेखात हृदयाला रक्त अपुरे पडत असल्याच्या खुणाही कमी दिसल्या. हा प्रयोग तासांचा आहे, वर्षांचा नव्हे, हे आम्ही लपवीत नाही. पण ज्याचे हृदय वा फुप्फुस आधीच दुबळे आहे, त्याला धुरातील दोन तासही मोजून मापून घ्यावे लागतात. अशांपैकी ज्यांना पट्टीतून श्वास घेणे जड जाते, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांस विचारूनच ती वापरावी. नाकापेक्षा मोती जड होऊ नये.

सर्वांनी सर्वकाळ पट्टी लावून फिरावे, असे आमचे म्हणणे नाही. तसे सांगणारा स्वतःही ती चार दिवसांत खुंटीला अडकवून ठेवतो. आमचे लक्ष विशिष्ट माणसांकडे आहे. रस्त्याच्या कडेला टपरीत वा दुकानाच्या दारात मशीन मांडून सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारा आपला ज्ञातिबंधू प्रथम येतो. उजेडासाठी तो दाराशी बसतो, आणि दारापासून चार हातांवर बस थांबते. मनुष्य दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. त्यातील मोठा वाटा त्या बंधूने बसच्या नळकांड्याशेजारी घेतलेला असतो. त्याच्यामागोमाग येतात आपल्या घरांतील ती मुले, जी पदवी घेऊनही नोकरी मिळेपर्यंत दुचाकीवरून घरोघर जेवण व सामान पोहोचवितात. मग दम्याची, हृदयविकाराची माणसे आणि गरोदर भगिनी. या मंडळींनी रहदारीत असताना, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, बसणारी पट्टी लावावी. हवा कशी आहे हे पाहण्यास आता अंदाजाची गरज नाही. आपल्या पुण्यातील पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘सफर’ ही हवेचे अनुमान सांगणारी योजना उभारली, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या अॅपवर शहरातील निर्देशांक कळतो. तो १०० च्या वर गेला, की दमेकऱ्यांनी व हृदयरोग्यांनी सावध व्हावे; २०० च्या वर गेला, की निरोगी माणसालाही फार वेळ बाहेर राहिल्यास त्रास होतो, असे ते मंडळच सांगते.

मुखपट्टी जे करू शकत नाही तेही सांगितले पाहिजे. ती कण अडविते. वायू अडवीत नाही. कोळशाच्या इस्त्रीच्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड कितीही घट्ट बसलेल्या ‘एन-९५’ मधून निर्वेध आत जातो. बंद खोलीत अशी इस्त्री पेटवून बसणाऱ्याला एकच उपाय आहे, तो म्हणजे दार-खिडकी उघडणे किंवा विजेची इस्त्री घेणे. काही दुकानांच्या मागे संध्याकाळी कातरणाचा ढीग पेटविला जातो. पूर्वी त्या चिंध्या सुती असत; आता निम्म्याहून अधिक पॉलिएस्टरच्या असतात, आणि त्यांचा काळा, चिकट धूर सबंध आळीच्या छातीत जातो. एका हाताने मुखपट्टी विकायची व दुसऱ्या हाताने चिंध्या पेटवायच्या, याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. कातरण गोळा करणारे, त्यापासून दऱ्या व पायपुसणी करणारे लोक शहरात आहेत. आठवड्यातून एकदा त्यांस बोलावण्याची व्यवस्था आपल्या संस्थेने आळीआळीवार करावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवतो.

लंडनचा दाखला येथे देण्याजोगा आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत त्या शहरावर कोळशाचा धूर आणि धुके यांचे असे दाट मिश्रण बसले, की बसगाड्यांपुढे दिवे घेऊन माणसे चालावी लागली. मृतांचा आकडा त्या वेळी सुमारे ४,००० धरला गेला. पुढील अभ्यासकांनी तो १२,००० पर्यंत नेला. पुढील हिवाळ्यांत लंडनकर नाकातोंडावर जाळीचे कापड बांधून फिरताना दिसू लागले. ती छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. पण लंडनची हवा त्या कापडाने निवळली नाही. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, घराघरांतील धुराचा कोळसा ठरावीक भागांत बंद करण्यात आला, तेव्हा ती निवळू लागली. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या कसोटी सामन्यात श्रीलंकेचे खेळाडू मुखपट्ट्या लावून मैदानात उतरले तेव्हा पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. जानेवारी २०१९ मध्ये सरकारने शहरांच्या हवेसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली, की उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. ही कामे नगरपालिकांची व सरकारची आहेत, आणि मुखपट्टी लावली म्हणून ती मागण्याचा आपला हक्क संपत नाही. ती होईपर्यंत श्वास थांबवून बसता येत नाही, एवढीच मुखपट्टीची जागा आहे.

धंद्याच्या दृष्टीने दोन शब्द बोलून थांबतो. कापडी पट्टी शिवणे सोडा, असे आम्ही म्हणत नाही. तिला ‘उन्हाची व जाड धुळीची पट्टी’ म्हणून विका. ‘प्रदूषणाची’ म्हणून विकू नका. गिऱ्हाईक आपल्या शब्दावर विसंबून दम्याच्या मुलाला ती बांधते, हे विसरून चालणार नाही. आणि जे काम खरोखर आपले आहे ते हाती घ्या. बाजारातील चांगली पट्टी बहुतेक एकाच मापाची येते. बारीक चेहऱ्याच्या माणसाला ती सैल होते. कानांचे बंद सैल पडल्यास ते पट्टीच्या कडेजवळ गाठ मारून आखूड करणे, बाजूची चुणी आत दुमडणे, दोन्ही कानांचे बंद डोक्यामागे एका आकड्याने जोडणे, ही कामे कोणताही शिंपी दहा मिनिटांत करील. मात्र पट्टीच्या अंगावर सुई चालवू नये. प्रत्येक टाक्याचे भोक म्हणजे हवेला एक नवीन दार होय. उसवण्याचे, तुरपण्याचे जे करायचे ते बंदांवर करावे.

भोजनानंतर मागच्या दालनातील लांब मेजावर तीन आकारांच्या मुखपट्ट्या मांडून ठेवल्या आहेत. त्या विक्रीस नाहीत. महिला मंडळाच्या दोन भगिनी आरसा आणि टेप घेऊन तेथे बसतील, नाकाच्या उंचवट्यापासून हनुवटीखालपर्यंतचे माप घेतील, आणि कोणती पट्टी कोणास बसते ते चिठ्ठीवर लिहून देतील. टपरीवर बसणाऱ्या बंधूंनी व दुचाकीवर काम करणाऱ्या मुलांनी प्रथम यावे. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासह यावे.